घड्याळवाले डॉक्टर आणि तीन गोळ्या

"घरात सेकंदकाटा असलेलं घड्याळ आहे का?"

माणूस खुर्चीत नीट टेकलेलाही नसायचा, तोच डॉक्टर हा प्रश्न टाकायचे. मी तर हादरलोच होतो. आयुष्यातली सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट सांगायला मी गेलो होतो. आठ दिवस मनात वाक्यं जुळवली होती, दवाखान्यासमोरून तीनदा पुढे जाऊन परत आलो होतो, आणि हा माणूस घड्याळाचं विचारतोय! मला वाटलं, यांना ऐकू कमी येतं. मी पुन्हा मान खाली घालून पुटपुटलो, "डॉक्टरसाहेब, ते... लवकर होतं." तर म्हणाले, "ते कळलं रे भाई. लवकर म्हणजे किती? अर्धा मिनिट की दोन मिनिटं? घड्याळ नसेल तर मी देतो." आणि खरंच ड्रॉवर उघडून त्यांनी गजराचं एक घड्याळ टेबलावर ठेवलं.

सुरतेत नवागामात, दिंडोलीकडे जाणाऱ्या रस्त्याला, त्यांचा एका खोलीचा दवाखाना होता. सर्दी-ताप, जुलाब, कापडाच्या लूममध्ये सापडलेली बोटं, सगळं तिथं यायचं. पण आम्हा लूमवाल्यांत त्यांचं नाव पडलं होतं घड्याळवाले डॉक्टर, ते या दुसऱ्या कामामुळे. आता तुम्हीच सांगा, असल्या तक्रारीच्या माणसाच्या हातात घड्याळ देऊन त्याला दवाखान्यातून बाहेर पाठवायचं, हे काय शहाणपणाचं काम आहे? ज्याच्या काखेत घड्याळ, त्याचं काय बिघडलंय ते अख्ख्या गल्लीला कळायचं. मी ते घड्याळ घेतलं नाही. लग्नात सासऱ्यांनी दिलेलं मनगटी घड्याळ माझ्या हातात होतं, ते दाखवलं आणि सुटलो.

माझी गोष्ट थोडक्यात अशी. सुरतेत प्लेग आला, त्यानंतर दुसऱ्या वर्षी माझं लग्न झालं. गाव मलकापूरजवळ, बायकोचं नाव मंदा. लग्नानंतर तिला सुरतेला आणलं, पण ही भानगड पहिल्या दिवसापासून. दोन मिनिटंसुद्धा नाही. ती बिचारी काही बोलायची नाही, पण तिचं न बोलणंच मला टोचायचं. मी मग भिंतीकडे तोंड करून झोपायला लागलो, मुकादमाला सांगून रातपाळी मागून घेतली, आणि चार महिन्यांत 'आईला घरी मदत पाहिजे' असं सांगून तिला गावी पाठवून दिली. दीड वर्ष तिला परत आणली नाही. शेवटी सासऱ्यांचं पत्र आलं. दिवाळीपर्यंत पोरीला सुरतेला न्या, नाही तर भाऊबीजेला तिचा भाऊ येईल आणि फारकत करून घेऊन जाईल. पत्र जूनमध्ये आलं. म्हणजे माझ्या हातात चार-पाच महिने होते.

त्याआधी मी काय काय केलं, ते सांगायलाही लाज वाटते. रेल्वे लाइनीलगतच्या प्रत्येक भिंतीवर चुन्यानं 'शीघ्रपतन' लिहिलेलं असायचं, त्या सगळ्या भिंती मी वाचल्या. तंबूतल्या हकीमाचं तेल लावलं, त्यानं कातडी सोलली. एका वैद्यानं भस्म दिलं, त्यानं तोंड आलं. प्रत्येक जण छातीवर हात ठेवून म्हणायचा, 'शंभर टक्के गॅरंटी'. आणि घड्याळवाल्या डॉक्टरांकडे गेलो, तर पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "तुला कोणती गोळी लागू पडेल, मला ठाऊक नाही."

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. अहो, ठाऊक नाही तर पाटी कशाला लावलीत? पण 'मला ठाऊक नाही' हे त्यांचं नेहमीचंच बोलणं होतं, आणि ते बोलताना त्यांना जराही संकोच वाटत नसे. टेबलावर तीन पाकिटं मांडली आणि शाळेत शिकवावं तसं मला सांगितलं. ही पहिली, फ्लुओक्सेटिन. रोज सकाळी घ्यायची, दोन-तीन आठवड्यांनी काही झालं तर होईल. ही दुसरी, क्लोमिप्रामिन. जुनी गोळी आहे, लागेल त्या दिवशी दुपारी घेतली तर संध्याकाळनंतर काम करते, पण तोंड कोरडं पडतं, गरगरतं. आणि ही तिसरी, सर्ट्रालिन. नवीन आहे, रोजची आहे, पोट बिघडवते. "चौथी एक आहे म्हणतात, तिकडे परदेशात तिचा फार बोलबाला आहे. आपल्याकडे अजून आली नाही. कोणाला पहिली चालते, कोणाला दुसरी. तुझ्या अंगाला कोणती चालते ते तुझं अंग सांगणार. मी नाही, आणि तो भिंतीवाला हकीमही नाही."

मी म्हटलं, "यातली सगळ्यात जोरदार द्या."

"हेच तर मला शोधायचंय ना, भाई," ते म्हणाले. "तुमच्यासारख्या बारा-बारा तास उभं राहणाऱ्या माणसाला कोणती चांगली, हे कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नाही. म्हणून वचन दे. बरं वाटलं तरी येशील, नाही वाटलं तरी येशील. येऊन मला सांगशील. मला दुसरं काही नको."

मी वचन दिलं. वचन द्यायला काय जातं?

पहिल्या गोळीचं पाकीट आणि चिठ्ठी घेऊन कोपऱ्यावरच्या मेडिकलवर गेलो, जादा चार गोळ्या जवळ असाव्यात म्हणून. मेडिकलवाल्यानं चिठ्ठी वाचली, माझ्याकडे वरून खाली बघितलं आणि गिऱ्हाइकांदेखत विचारलं, "आ तो दिमागनी गोळी छे. घरात कोणाचं डोकं फिरलंय?" मी तिथूनच उलटा फिरलो आणि दवाखान्यात घुसलो. आत एक म्हातारी खोकत बसली होती, तिच्यासमोरच ओरडलो, "मला काय वेडा समजलात? वेड्याच्या गोळ्या देता?"

डॉक्टर जागचे हलले नाहीत. आधी म्हातारीची छाती तपासली, तिला औषध सांगितलं, ती गेल्यावर मला म्हणाले, "शांतीथी बस." मग सांगितलं की शिकून झाल्यावर ते एक वर्ष मोठ्या दवाखान्यात मनाच्या आजारांच्या वॉर्डात होते. उदास माणसं तिथं यायची, त्यांना या गोळ्या द्यायचे. मनानं माणसं सुधारायची, पण नवरे लोक हळूच तक्रार करायचे, साहेब, आता फार वेळ लागतो, होतच नाही लवकर. "तिथं तीस जणांची तक्रार ऐकली, तेव्हा माझ्या डोक्यात नवागाम आलं. तिथल्या माणसाचं रडगाणं ते इथल्या माणसाचं औषध. याच्यात वेड कुठं आलं?" मला ते पटलं, पण मी पटल्याचं दाखवलं नाही. त्या काळात मी कोणालाच काही पटल्याचं दाखवत नसे.

ते मूळचे आमच्याच बाजूचे. वडील अकोल्याकडून रेल्वेत लागून आलेले, हे उधन्याच्या रेल्वे क्वार्टरात जन्मलेले. त्यामुळे त्यांच्या मराठीत मध्येच गुजराती उगवायची. दवाखान्यात बाबासाहेबांचा फोटो आणि त्याखाली स्वतः लिहिलेली पाटी, 'इंजेक्शन मागू नये'. प्लेगच्या वेळी मोठमोठे लोक गाड्या भरून पळाले, तेव्हा हे तिथंच बसले होते, एवढं सगळ्यांना माहीत होतं. म्हणून त्यांना कोणी तोंडावर काही बोलत नसे. मागे मात्र 'येड्याच्या गोळ्या देतो' हे सगळीकडे चालायचं, आणि खोटं कशाला बोलू, मीही त्यात माझी भर घालत होतो.

"एका वेळी एकच" हा त्यांचा दुसरा हट्ट. दोन गोळ्या एकत्र नाहीत, गोळीबरोबर हकीमाचं भस्म नाही, एक बंद केल्यावर लगेच दुसरी नाही. "पहिली अंगातून जाऊ दे, मग दुसरी. दोघींना एकदम घरात घेतलंस तर भांडण कोणी लावलं ते कळणार कसं?" मी म्हणायचो, साहेब, दिवाळी जवळ आली. ते म्हणायचे, दिवाळी दर वर्षी येते. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं? आणि वर म्हणायचे, बायकोला सुरतेला आण. ती इथं नसेल तर गोळी चालली की नाही, हे काय लूमला विचारणार? मी म्हणायचो, बरा झाल्यावर आणीन. ते म्हणायचे, आणल्यावर बरा होशील. जुलै गेला, ऑगस्ट गेला, आणि आम्ही दोघं तिथंच.

आता माझा मूर्खपणा ऐका. पहिली गोळी त्यांनी महिनाभराची दिली होती, रोज सकाळी एक. मी काय केलं? एकही घेतली नाही. माझा हिशेब सरळ होता. बायको गावाला, मी इथं. इथं गोळी खाऊन तिचा जोर फुकट घालवायचा कशाला? आमच्या खोलीतला नांदुरीकर तर असाच करायचा. त्याच्या ट्रंकेत सहा महिन्यांच्या गोळ्या साचल्या होत्या. वर्षातून पंधरा दिवस ज्याला घरचं सुख, तो सगळंच तेव्हासाठी राखून ठेवतो. नवे कपडे, साबणाची वडी, सगळंच. मीही गोळ्या रुमालात बांधल्या आणि पोळ्याला गावी निघालो. भुसावळला गाडी थांबली तेव्हा म्हटलं, आता घर जवळ आलं. चहाबरोबर एकदम तीन घेतल्या.

मलकापूरला उतरेपर्यंत पोटात ढवळायला लागलं. घरी पोचलो तर अंगाला दरदरून घाम, हात थरथरतायत, आणि डोळ्याला डोळा नाही. दुसऱ्या दिवशी बैल सजवले, माझ्याकडून पुरणाची पोळी तोंडाजवळ नेववली नाही. आणि मुख्य कामात काय झालं, ते न सांगितलेलंच बरं. नेहमीपेक्षाही वाईट. तिसऱ्या दिवशी मंदा माझा शर्ट धुवायला घेऊन बसली, तिच्या हाताला तो रुमाल लागला. गोळ्या हातात घेऊन ती माझ्यासमोर आली.

"हे काय हाय? काय आजार हाय तुमाले?"

मी सरळ सांगितलं असतं तर! पण नाही. मी ओरडलो, "तुझ्या बापाला जाऊन सांग आता, तुझा नवरा रोगी आहे म्हणून!" आणि एक दिवस आधीच गाडी पकडली. सगळ्या गोळ्या तिच्या हातातच राहिल्या.

सुरतेला उतरलो तो थेट दवाखान्यात. सगळा राग डॉक्टरांवर काढला. तुमची गोळी खोटी, तुम्ही खोटे, माझा संसार मोडला तुम्ही. ते ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, कधीपासून घेत होतास? मी म्हटलं, भुसावळपासून. त्या माणसाला मी तेव्हा एकदाच चिडलेलं बघितलं. टेबलावर हात आपटला, तो घड्याळाला लागून घड्याळ खाली पडलं. "अरे, गोळी म्हणजे काय दिवाळीचा लाडू आहे, डब्यात भरून गावाला न्यायचा? ती तुझ्या बायकोला द्यायची नाही रे, तुझ्या अंगाला द्यायची आहे! रोज! तुम्ही सगळे हेच करता. सचिन गावचा तो, नवागामचे ते तिघं, सगळे राखून ठेवता. मग येऊन म्हणता गोळी खोटी. मी काय शिकू तुमच्याकडून? काय कळणार मला?" त्यांचा आवाज कापत होता. मी घड्याळ उचलून टेबलावर ठेवलं. नाही म्हटलं तरी मला वाईट वाटलं, पण मी तेही बोललो नाही.

आठ दिवसांनी कारखान्यातून खोलीवर आलो तर दारात मंदा. सोबत तिचा भाऊ. भावानं चहासुद्धा घेतला नाही. म्हणाला, "ही स्वतः हट्टानं आली, दाजी. मी भाऊबीजेला येतो. तवा मायासंगं आली, तर मंग परत येणार नाई." आणि गेला. खोलीतल्या गड्यांनी बिचाऱ्यांनी आपापल्या ट्रंका उचलल्या आणि शेजारच्या खोलीत हलवल्या. मंदानं पिशवीतून गोळ्यांचं पाकीट काढलं. "यावर सुरतचा शिक्का हाय. ज्या डॉक्टरनं देल्या, त्याच्याकडं घेऊन चला मले."

मी नाही म्हटलं. ती एकटी गेली.

अर्ध्या तासानं मीही मागोमाग गेलो, कारण घरात बसवेना. दाराबाहेर उभा राहून ऐकत होतो. डॉक्टर तिच्याशी अगदी माझ्याशी बोलायचे तसंच बोलत होते, तीच तीन पाकिटं, तोच 'मला ठाऊक नाही'. मग त्यांनी तिला विचारलं, "ताई, तुमची काय तक्रार आहे?" माझा जीव दारातच खाली बसला. दोन वर्षांत हा प्रश्न मी तिला एकदाही विचारला नव्हता.

ती म्हणाली, "मले त्या मिनटाचं काई नाई, डॉक्टर. हे नंतर तोंड फिरवून झोपतात. बोलत नाईत. मले वाटे, मायातच काई खोट हाय."

डॉक्टर बाहेर आले, मी दिसलो, तर एवढंच म्हणाले, "आत ये. तुझी बायको तुझ्यापेक्षा शहाणी आहे. आता ही घड्याळ धरेल, तू गोळी घे."

मग सुरू झाली ती तुलना. पहिली गोळी सकाळी मंदा स्वतः माझ्या हातावर ठेवायची आणि पाण्याचा पेला पुढे करायची. पंधरा दिवस घेतली. फरक म्हणावा तर जरासा, पण झोप उडाली. बारा तास लूमवर उभं राहून आलेला माणूस छताकडे बघत पडतो म्हणजे काय ते ज्याचं त्याला कळतं. चिडचिड आधीच कमी नव्हती, ती दुप्पट झाली. डॉक्टरांनी बंद केली, आणि मग म्हणाले, आता दोन आठवडे काही नाही. मी कॅलेंडर घेऊन गेलो त्यांच्याकडे, भाऊबीजेवर बोट ठेवून दाखवलं. "साहेब, इथं माझा मेव्हणा येतोय!" ते म्हणाले, "त्या गोळीला तुझ्या मेव्हण्याची ओळख नाही. ती आपल्या वेळेनंच जाणार." मंदा हसली. मला हसू आलं नाही.

दुसरी गोळी रोजची नव्हती, लागेल त्या दिवशी दुपारी घ्यायची होती. घेतली, आणि तिनं काम केलं. खरंच केलं! मी त्या आनंदात असतानाच दुसऱ्या दिवशी लूमसमोर उभा राहिलो तर डोळ्यांपुढे अंधारी, तोंडात थुंकी नाही, धागा तुटलेला दिसेना. ताग्यात हातभर डाग पडला, शेठनं सगळ्यांसमोर शिव्या घातल्या. दोनदा असंच झालं. डॉक्टर म्हणाले, "लूमवर गरगरलास तर हात जाईल. हात देऊन संसार नको." मी म्हटलं, चालेल मला. मंदा म्हणाली, मले चालणार नाई. मग तिसरी.

तिसरी सुरू झाली तेव्हा दिवाळीला जेमतेम दहा-बारा दिवस उरले होते. पहिला आठवडा जुलाबात गेला. दुसरा आठवडा तसाच. कारखान्याला सुट्टी लागली, गल्लीतली माणसं गावी गेली, आणि मी पाकिटातल्या गोळ्या मोजत बसलो होतो. काहीही झालेलं नव्हतं. भाऊबीजेला मेव्हणा आला. मंदानं त्याला ओवाळलं, जेवायला वाढलं. तो म्हणाला, "चाल, सामान भर." माझ्या घशाला कोरड पडली, आणि या वेळी ती गोळीनं नव्हती.

मंदा म्हणाली, "मी येत नाई, दादा. यांची तिसरी गोळी चालू हाय. अर्ध्यात सोडून कशी येऊ? डॉक्टर इचारतीन ना मले."

मेव्हण्याला त्यातलं काही कळलं नाही. त्याला वाटलं, दाजींना काहीतरी मोठा आजार आहे आणि बहीण सेवा करतेय. डोळे पुसत एकटाच परत गेला. मी त्या दिवशी मंदाजवळ बसून रडलो. लग्नानंतर पहिल्यांदा तिच्याशी तासभर बोललो. जे दोन वर्षं पोटात होतं ते सगळं सांगितलं. आणि पुढच्या आठवड्यात गोळी चालली. गरगरणं नाही, झोप उडणं नाही, पोटही शांत झालं. मंदानं तर चार दिवसांनी घड्याळाकडे बघायचंच सोडलं.

आता मी काय करायला हवं होतं? दहा मिनिटांवर दवाखाना होता. जायचं, सांगायचं, 'साहेब, तिसरी चालली', एवढंच. मंदा रोज म्हणायची, "जाऊन सांगा त्याइले." मी रोज म्हणायचो, उद्या. का गेलो नाही? आजारी होतो तेव्हा लाज गिळून गेलो होतो. बरा झाल्यावर ती लाज दुपटीनं वर आली. आता मी बाकीच्यांसारखा पुरुष होतो. त्या बाकावर आता कोणी मला बघितलं तर? गरज सरो, वैद्य मरो, ही म्हण शाळेत मी दहा वेळा लिहून काढली असेल. अर्थ माझ्यावरून कळला. पुढच्या गोळ्यासुद्धा मी लांब उधन्याच्या मेडिकलवरून आणत होतो.

डॉक्टर एकदा भाजीबाजारात समोर आले. माझ्यासोबत कारखान्यातली दोन माणसं होती. डॉक्टरांनी काहीच विचारलं नाही, नुसत्या भुवया वर केल्या. मी म्हटलं, "येतो साहेब एकदा, कामात आहे." ते म्हणाले, "बराबर, बराबर." पिशवीत मेथीची जुडी होती, ती सारखी करत पुढे गेले. दुसऱ्यांदा दिसले तेव्हा मी रस्ता ओलांडून पलीकडे गेलो.

पुढे नांदुरीकरानं मला सांगितलं. तो अजून जात होता, कारण त्याच्या गोळ्या अजून ट्रंकेतच होत्या आणि गुण अर्थातच येत नव्हता. डॉक्टर त्याला म्हणाले होते, "माझ्याकडे परत येतात ते सगळे तक्रार घेऊन येतात. पहिली चालली नाही, दुसरी चालली नाही, तिसरी चालली नाही. म्हणजे माझं काहीतरी चुकतंय." नांदुरीकराला त्यात विशेष काही वाटलं नाही. मला वाटलं. बरा झालेला प्रत्येक जण माझ्यासारखाच रस्ता ओलांडून पलीकडे गेला असणार, हे मला लख्ख दिसलं. तरी मी गेलो नाही. त्या वेळचा मी आज मला भेटला, तर त्याला मी दोन मुस्काटात देईन.

दोन वर्षांनी थंडीत डॉक्टर अचानक गेले. छातीत कळ आली आणि संपलं. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम त्यांच्या घरापुढच्या मांडवात होता. मी, मंदा आणि वर्षाची मुलगी, तिघं गेलो. नवागामची सगळी माणसं होती. वंदना झाली, मग एकेक जण उठून बोलू लागला. एक म्हणाला, माझा टायफॉईड बरा केला. दुसरा म्हणाला, कावीळ. सचिन गावचा एक जण उठला, ज्याच्या काखेत मी माझ्या डोळ्यांनी ते गजराचं घड्याळ बघितलं होतं. तो म्हणाला, माझा जुनाट खोकला. कोणी कोणाकडे बघत नव्हतं.

मग त्यांच्या पत्नी उठल्या. महापालिकेच्या मराठी शाळेत शिकवायच्या, सगळे त्यांना बाई म्हणत. म्हणाल्या, "तुम्ही सगळे आलात, बरं वाटलं. त्यांना शेवटी एक खंत होती. काही पेशंटसाठी ते वर्षानुवर्षं औषधं ताडून बघत होते. अलीकडे म्हणायचे, ते सगळं वाया गेलं, त्यातून एकाचंही घर सावरलं नाही. बंद करतो आता. आणि महिन्याभरापूर्वी त्यांनी ते बंदच केलं." एवढं बोलून त्या खाली बसल्या.

मांडवात तसले आम्ही पंचवीस-तीस पुरुष तरी होतो, सगळ्यांच्या माना खाली. कोणीतरी मला म्हणालं, तुम्ही पण दोन शब्द बोला, तुमच्यावर डॉक्टरांचा जीव होता. मी उठलो. समोर बाई माझ्याकडे बघत होत्या. शेजारी मंदा, तिच्या मांडीवर पोरगी. मी तोंड उघडलं.

"मला मलेरिया झाला होता," मी म्हटलं. "डॉक्टरांनी बरा केला."

आणि खाली बसलो. मंदानं माझ्याकडे असं बघितलं की जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. ती उठली, पोरगी माझ्या मांडीवर टाकली आणि बाईंच्या मागे घरात गेली. बऱ्याच वेळानं आली. डोळे लाल झालेले होते. परतताना रेल्वेच्या फाटकापाशी गाडी जाईपर्यंत थांबलो, तेव्हा म्हणाली, "बाईले सगळं सांगून आली मी. लई रडल्या. मले म्हणाल्या, हे त्याइले कोणी सांगतलं असतं तर." मग गाडी गेली, फाटक उघडलं. चालायला लागताना ती म्हणाली, "मी बाईले सांगतलं. त्याइले तुमी सांगायला पाह्यजे होतं."

पोरीचं आता लग्न झालं. लूम सोडूनही वर्षं झाली. मंदानं तो विषय पुन्हा काढला नाही, आणि न काढून तिनं माझ्यावर उपकार केले की सूड घेतला, ते मला अजून कळलेलं नाही. मी चार माणसांत बसतो, हसतो, शहाणपण शिकवतो. कोणी तरुण पोरगा मान खाली घालून आडून आडून काही विचारायला लागला, तर त्याला दंडाला धरून चांगल्या डॉक्टरकडे घेऊन जातो, आणि गुण आला की परत जाऊन सांगतो की नाही, ते बघायला त्याच्या मागे लागतो. पोरं वैतागतात. वैतागू देत.

पण ज्याला सांगायचं होतं, तो माणूस गेला. तिसरी गोळी चालली, डॉक्टर. तिसऱ्या आठवड्यापासून.